रिकाम्या हॉलातलं गाणं

पुतळी धवलारीण आता गात नाही. का गात नाही हे विचारायला लोक माझ्याकडे येतात, कारण तिला विचारायची कोणाची छाती नाही. मी तिची सून, अनिता. कोणी सुपारी घेऊन दारात आलं की ती म्हणते, "घसा बसलाय," आणि आत जाते. डोंबल बसलाय घसा! सकाळी कोंबड्या हाकलते तेव्हा तिसऱ्या आळीत ऐकू जातं. गात नाही ती आमच्यामुळं. आमच्यात मी पण आले. माझा तर अंगठाच आहे त्यात, तो कसा ते सांगते.

आमचं गाव कासू स्टेशनवरून खाडीकडे उतरलं की लागतं. एका बाजूला भातशेती, एका बाजूला मिठागरं, आता अर्धी ओसाड. आम्ही आगरी. आमच्या लग्नात भटजी मंगलाष्टका म्हणतात ते खरं, पण त्याच्याआधी देवांना आवतण धाडायचं काम धवलारणीचं. तिनं तांदळाच्या पिठाचा चौक भरायचा, दिवा लावायचा आणि धवले गायचे. गणपती ये, एकवीरा आई ये, वेशीवरच्या देवा ये, घरातून गेलेल्या वाडवडलांनो तुम्ही पण या, असं एकेकाचं नाव घेऊन. ती बोलावणार तेव्हा देव मांडवात येणार, मग लग्न. माझ्या सासूकडे ना वही ना कागद. सगळं डोक्यात, आणि गावातल्या प्रत्येक घरच्या मेलेल्या माणसांची नावं सुद्धा डोक्यात.

तिचा नवरा, म्हणजे माझे सासरे बाबाजी, मी पाहिलेले नाहीत. मिठागराच्या बांधाला अमावास्येच्या भरतीत खांड पडली, ती बुजवायला उतरले आणि सापडले दुसऱ्या दिवशी ओहोटीला. तेव्हा ती एकतीस वर्षांची, आणि माझा नवरा निलेश अकरा वर्षांचा. कपाळ उघडं झालं की बाईला लग्नकार्यात कोण विचारतं? हळदीला हात लावू नको, ओटी भरू नको, मागं बस. पण धवलारणीला कोणी मागं बसवत नाही. आमच्याकडे हा एक मान आहे, विधवा असली तरी तिचा पाट नवरीच्या शेजारी. सगळ्या सवाष्णी तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहायच्या. चाळीस वर्षं ती त्या पाटावर बसून मानानं जगली. दुसरं काय होतं तिच्याकडे?

माझी मुलगी मनस्वी झाली तेव्हा बाराव्या दिवशी पाळण्याशी बसून ती म्हणाली होती, "हिचं धवलं मी म्हननार. मग बास. मग देवाला सांगनार, माजी सुट्टी." आम्ही हसलो होतो. पण ती हे दर वर्षी म्हणायची. मनस्वी शाळेत गेली, कॉलेजात गेली, पेणला लॅबमध्ये नोकरीला लागली, आणि हिचं आपलं तेच. एक मागणं, तेवढंच.

दसऱ्याला मनस्वीचं लग्न ठरलं. मुलगा मिथुन, रोह्याकडचा, धाटावला कंपनीत शिफ्टला जातो. चांगला आहे, त्याच्याबद्दल मला काही बोलायचं नाही. लग्न वैशाखात. पूर्वीचं असतं तर अंगणात मांडव पडला असता, पण आता अंगण राहिलंय कुठं? तिथं निलेशची गाडी आणि शेडमध्ये त्याच्या चुलतभावाचा टेम्पो. तेव्हा हॉल बघायला निघालो. घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून म्हणतात, त्यात आता हॉल पाहावा शोधून एवढं घालायला हवं.

सासू म्हणाली, "मी पन येनार."

"आई, तू काय करणार तिथं? चटके उन्हाचे," निलेश म्हणाला.

"गाणार मी हाय. जागा मी बघनार. तुमी जेवनाचं बघा."

झालं, निघाली पाचवारी नेसून. मी, निलेश, मनस्वी आणि ती. पेणचा पहिला हॉल एकदम भारी. गारेगार एसी, छताला थर्माकोलसारखं काहीतरी, खाली लाल गालिचा. मॅनेजर आम्हाला स्टेज दाखवत होता, सोफा राजाराणीचा, फिरणारा. इकडे ही मधोमध उभी राहिली, पदर खोचला आणि दोन्ही हात तोंडाशी धरून "होऽऽऽ" करून एक साद घातली. मॅनेजर दचकला बिचारा. त्याला वाटलं म्हातारीला काहीतरी झालं.

ती थोडा वेळ कान देऊन उभी राहिली आणि म्हणाली, "नको. या घरानं आवाज खाल्ला."

"आजी, माईक आहे ना आपल्याकडे!" मॅनेजर म्हणाला.

"देवाला माईकवरना बोलवतंस? येतील का रे?"

दुसरा हॉल पेणमध्येच, तिसऱ्या मजल्यावर. तिथं मध्ये घडीचं पार्टिशन, पलीकडे दुसरं लग्न. हिनं साद घातली तर पलीकडून कुत्र्यासारखं कोणीतरी ओरडून उत्तर दिलं आणि हशा पिकला. ही पण हसली. म्हणाली, "हितं नको गो अनिता, माझा देव चुकून शेजारच्या नवऱ्याकडं जायचा." मनस्वी तर पोट धरून हसत होती. निलेश मात्र वैतागला. दोन रविवार गेले, तिसरा गेला. प्रत्येक हॉलवाल्याला निलेश विचारायचा पार्किंग किती, जनरेटर आहे का, मटण चालतं का, आणि ही साद घालून मान हलवायची.

मग रोह्याचा हॉल. एका ट्रस्टचा, जुना, कौलारू, कुंडलिका नदीच्या बाजूला. ट्रस्टचं काम बघणारे गोपाळकृष्ण सर, रिटायर शिक्षक, पायजमा आणि स्वच्छ शर्ट, स्वतः चावी घेऊन आले. तीनशे माणूस बसेल एवढाच. खाली शहाबादी फरशी, वर लाकडी तुळया. मनस्वीचा फोन आला म्हणून ती दाराशीच थांबली. हिनं आत जाऊन साद घातली आणि आवाज वर गेला, तुळयांवरून फिरला आणि खाली आमच्यापर्यंत परत आला. मला अंगावर काटा आला. खोटं नाही सांगत.

"काय आवाज आहे हो आजी!" गोपाळकृष्ण सर म्हणाले. "एखादा धवला म्हणा ना. मी नुसतं ऐकलंय तुमच्या लोकांत असतात म्हणून."

"धवला नाय म्हनत असा," ती म्हणाली. "देव नाय, दिवा नाय, नवरी पाटावर नाय. रिकाम्या घरान देवाला बोलवून मग काय सांगू त्याला, उगाच बोलावलं?"

"मग दुसरं काही?"

तिनं थोडा विचार केला. आवाज तिथं इतका छान लागत होता की तिलाच गावंसं वाटत असणार. मग डोळे मिटून जे गायली ते मी ओळखलं. बाबाजी गेले तेव्हा तिनंच बांधलेलं रडगाणं. सर्वपित्रीला पान वाढताना ती चुलीशी बसून ते गुणगुणते. माझ्याशिवाय ते कोणी ऐकत नाही, कारण तेव्हा स्वयंपाकघरात मीच असते.

"मिठाची रास माजी, रास कोन भरील गो
सांजचा दिवा दारी, दिवा कोन बघील गो
धनी माजा गेला, सांगून नाय गेला
दार उघडंच ठेवलंय मी, भरती आली गो"

चारच ओळी. गाणं संपलं तरी थोडा वेळ ते वर तुळयांत होतं. सरांनी चष्मा काढून पुसला. मी मागं वळून बघितलं तर मनस्वी दारात मोबाईल वर धरून उभी. तिनं रेकॉर्ड केलं होतं. "आजी, एक नंबर!" ती ओरडली. तिनं काय ऐकलं आणि काय नाही, हे माझ्या तेव्हा डोक्यातच आलं नाही.

"योच हॉल," सासू म्हणाली. सरांनी रजिस्टरमध्ये तारीख लिहिली. धवल्यांना एक तास, पिठाचा चौक भरायला हरकत नाही, समई आमची वापरा, सगळं त्यांनी स्वतःहून सांगितलं. येताना गाडीत ती लहान पोरीसारखी खुशीत होती. कासूच्या फाटकाशी चहा पाजला तिनं सगळ्यांना, स्वतःच्या कनवटीचे पैसे काढून.

आणि मग निलेशच्या भावकीनं तोंड उघडलं. नाक्यावर कोणीतरी म्हणालं, "काय निलेशशेठ, एकुलती एक पोर आणि लग्न ट्रस्टच्या हॉलात? तिथं तर बाराव्याची जेवणं होतात." दुसरा म्हणाला, "गाड्या कुठं लावायच्या आम्ही, कुंडलिकेत?" झालं! आमच्या नवऱ्याला कंपनीत कोणी शिवी दिली तरी चालते, पण नाक्यावर कोणी हसलेलं चालत नाही. पंधरा दिवस घरात धुसफुस. मग एका रविवारी एकटाच जाऊन खांब गावाजवळचं लॉन बुक करून आला. हायवेला लागून, दोन्ही गावांना मधोमध, पार्किंग दोनशे गाड्यांचं, एलईडीची भिंत, ड्रोन. तिथंच संध्याकाळचं लग्न आणि तिथंच रिसेप्शन. पॅकेज.

"बाराव्याची जेवणं होतात म्हणून सोडलास?" मी म्हटलं. "आणि आईला काय सांगणार?"

"सांगीन वेळ बघून. तिच्यासाठी लिहून घेतलंय मी, बघ." त्यानं फॉर्म दाखवला. सगळ्यात खाली, 'इतर' असं छापलेल्या रकान्यात पेनानं लिहिलं होतं: आजींचे गाणे, २० मिनिटे.

'इतर'! चाळीस वर्षं देवांना बोलावणारी बाई 'इतर' मध्ये. मी तेव्हा भांडायला हवं होतं. नाही भांडले. मला पण मनातून ते लॉन आवडलं होतं, हे आज कबूल करते. दोन महिने आम्ही तिला पत्ता लागू दिला नाही. गोपाळकृष्ण सरांना नाही म्हणून कळवायचं काम निलेशनं माझ्यावर ढकललं. फोनवर सर एवढंच म्हणाले, "बरं. मी यायचं ठरवलं होतं, त्यांचं गाणं ऐकायला." मी आमंत्रण देते म्हटलं, आणि दिलं नाही. कोणत्या तोंडानं देणार?

पत्रिका छापून आली तेव्हा तिला कळलं. तिला वाचता येत नाही, पण रोह्याऐवजी खांब हे कोणीतरी वाचून दाखवलं. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. ती ओट्यावर बसून मोहरी निवडत होती. म्हणाली, "तिथं वर छप्पर हाय?"

"नाही, उघडंच आहे. लॉन म्हणजे गवत."

"उगड्यावर आवाज टिकत नाय गो. पन देव उगड्यावर पन येतो." मग मोहरीतला खडा टाकून, "टाइम दिलाय ना मना?"

"वीस मिनिटं."

"पाच देव तरी बोलावता येतील," ती म्हणाली आणि मोहरी निवडत राहिली. त्या दिवशी तिनं आरडाओरडा केला असता तर बरं झालं असतं.

आता माझ्या अंगठ्याचं. हळदीच्या दिवशी दुपारी घरात ही गर्दी. माझे दोन्ही हात हळदीनं भरलेले, एका बाजूला पाहुण्यांचा चहा, एका बाजूला मासळीवाली. मनस्वी आत मेंदीचे हात वाळवत बसलेली, तिनं मामेबहिणीकडून मला व्हॉट्सॲप पाठवून घेतलं. एक ऑडिओ आणि खाली, "आई, आजीला सरप्राईज. उद्या एन्ट्रीला डीजेला हे आजीचे धवले लावायला सांगितलेत. चालेल ना?" मी वाचलं फक्त 'आजी' आणि 'सरप्राईज'. ऑडिओ उघडलाच नाही. हळदीच्या अंगठ्यानं अंगठा पाठवला. मोबाईलच्या काचेवर पिवळा डाग पडला तो मी पदरानं पुसला. एवढं एक मिनिट मी ऐकलं असतं तर! पण लग्नघरात बाईला ऐकायला वेळ कुठं असतो, असं म्हणून आपली सुटका करून घ्यायची.

लग्नाच्या दिवशी साडेचारला आम्ही लॉनवर पोचलो. सासूनं हिरवट पातळ नेसलेलं, हातात पितळेचा दिवा आणि धडप्यात बांधलेलं तांदळाचं पीठ. लॉनवर सगळं बघणारी एक हेमांगी मॅडम होती, कानात वायर, हातात मिनिटामिनिटाचा कागद. ती वाईट नव्हती बिचारी. कागदानं चालणारी होती. "आजी, पीठ नको हं इथं, कृत्रिम गवत आहे, निघत नाही. आपण रांगोळीचं स्टिकर लावलंय. आणि दिवा पडद्याजवळ नको, बॅटरीचा आहे आपल्याकडे."

"बरं," सासू म्हणाली. दिवा तिनं मांडीवर घेतला, पीठ पायाशी ठेवलं आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर बसली. "मना हाक मारा म्हंजे झालं."

हाक सहा दहाला मारायची होती. सहा दहाला वरात हायवेच्या गेटवरच. मुंबईकडच्या ट्रकांची रांग लागली, त्यातून वाट काढून वरात आत वळली तर बॅंजोवाल्यानं असं काही धरलं की मिथुनकडची पोरं हलेनातच. सात पाचचा मुहूर्त, तो गेटवरच गेला. भटजी घड्याळ बघून बघून थकले आणि त्यांनी सरबत मागवलं. साडेसातला वरात आत आली. हेमांगी मॅडम माझ्याकडे धावत आली. "काकू, आपण दीड तास लेट आहोत. दहाला साऊंड बंद करायचाय. आता डायरेक्ट ब्राईडची एन्ट्री घेऊ. आजींचं गाणं आपण रिसेप्शनला घेऊ ना, लोक जेवत असतील तेव्हा. बॅकग्राउंडला छान वाटेल."

मी तोंडावर बोलले तिला. काय काय बोलले ते इथं सांगत नाही. "तुझ्या घरी देवाला जेवणाच्या पंगतीत बोलावतात का गो?" एवढं आठवतंय. ती म्हणाली, "काकू, मी काय करू, कागदावर..." निलेश आला. मला वाटलं हा तरी आईचा मुलगा आहे. हा सोफ्यापाशी वाकला आणि म्हणाला, "आई, जरा समजून घे ना. पाहुणे ताटकळलेत. नंतर म्हण तू, निवांत."

तिनं त्याच्याकडे बघितलं. "देव बोलावल्याबिगर लग्न लावतंस निलेश?"

"आई, प्लीज."

"लाव," ती म्हणाली. आणि मांडीवरच्या दिव्याची वात नीट केली, पेटवायचा नव्हता तरी.

दिवे मंद झाले. मागच्या कमानीत मनस्वी उभी, लाल शालू, डोक्यावर फुलांची चादर मामे-चुलत भावांनी धरलेली. दोन्ही बाजूंनी थंड फटाक्यांचे फवारे उडाले. आणि स्पीकरमधून, अख्ख्या लॉनवर, हायवेपर्यंत, माझ्या सासूचा आवाज आला.

ती पहिल्यांदा मागं वळून बघायला लागली. कोण गातंय ते शोधत होती. आपलाच आवाज एवढा मोठा तिनं कधी ऐकला नव्हता. मग शब्द आले. सांजचा दिवा दारी, दिवा कोन बघील गो. खाली ढोल, ताशा, कसलातरी धडधड आवाज. डीजेनं "धनी माजा, धनी माजा, धनी माजा" असं तीनतीनदा फिरवलं होतं. लोकांनी टाळ्यांचा ताल धरला. "गेला" मात्र त्यानं कापलं नव्हतं, ते ढोलात बुडालं होतं. ज्याला ठाऊक त्यालाच ऐकू येत होतं.

तिनं माझं मनगट धरलं. बांगडी रुतली एवढं घट्ट. "अनिता, बंद कर गो. पोरीच्या लग्नान यो नको. बंद कर!"

मी उठले. डीजेकडे दोन पावलं टाकली. आणि समोरून मनस्वी येत होती, नजर फक्त आजीवर, डोळ्यात पाणी, तोंडभर हसू. आजीसाठी केलं होतं तिनं हे सगळं. आपली आजी गायला पाहिजे, आणि चारशे लोकांनी ऐकलं पाहिजे. मी गाणं बंद केलं असतं तर तिला का ते सांगावं लागलं असतं, तिथंच, चालता चालता. तुझ्या आजोबांच्या मयताच्या गाण्यावर तू बोहल्यावर चाललीस, असं कोणती आई सांगेल? मी परत येऊन बसले. आणि तेव्हाच मला तो हळदीचा अंगठा आठवला.

मी बाजूला बघितलं. आमची धोंडुबाई, गावची, सासूच्या वयाची. बाबाजींना आणलं त्या दिवशी जी हिच्या गळ्यात पडून रडली होती, जिनं हे गाणं वर्षभर उंबऱ्यावर ऐकलं होतं, ती टाळ्या वाजवत होती. "पुतळे, काय आवाज गो तुजा!" म्हणत होती. निलेश मोबाईलवर शूटिंग करत डोळे पुसत होता. त्याच्या बापाचं गाणं. आणि त्याला कळलं नाही. चारशे माणसांत एकाला सुद्धा कळलं नाही. धवला काय आणि रडगाणं काय, आम्हाला सगळं सारखंच. आगरी आहोत म्हणून छातीवर हात मारायला पुढं, आणि आपल्याच गाण्याचे दोन शब्द ऐकायला कान नाहीत.

मनस्वी सोफ्यासमोर थांबली आणि वाकून आजीच्या पाया पडली. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो मी त्या दिवशी बघितला. सासूनं माझं मनगट सोडलं, तोच हात पोरीच्या डोक्यावर ठेवला आणि हसली. हसली हो ती! दात दिसेपर्यंत.

"आजी, आवडलं?"

"लय आवडलं गो माजे बाय," ती म्हणाली.

मग मंगलाष्टका झाल्या, अक्षता पडल्या, फोटो झाले, मटण संपलं म्हणून थोडी बोंब झाली, ती पण मिटली. जेवणाच्या वेळी हेमांगी मॅडम खरंच माईक घेऊन आली. दिलेल्या शब्दाची होती ती. सासू म्हणाली, "झालं माजं. तुमी लावलंत ना." आणि माईक हातानं बाजूला केला. दिवा आणि पिठाचं धडपं घेऊन आमच्याबरोबर घरी आली. सकाळी उठून बघते तर त्या पिठाच्या भाकरी थापत बसलेली. चौकाचं पीठ कोणी असं खात नाही. मी पण एक भाकरी घेऊन खाल्ली.

निलेशला मी पंधरा दिवसांनी सांगितलं. तो ओट्यावर टेकला. मग म्हणाला, "मला कसं कळणार? मी अकरा वर्षांचा होतो." खरंय त्याचं. पण त्यानंतर तो नाक्यावर बसायला जात नाही. मनस्वीला आम्ही सांगितलेलं नाही. सासूनं मला शपथ घातली आहे. "तिचा संसार नवा हाय. तिला कळलं तर ती जल्मभर शकुन बघत बसंल."

आणि ते गाणं? ते आता आमचं राहिलं नाही. त्या डीजेनं दुसऱ्याला दिलं, त्यानं तिसऱ्याला. पेणपासून रोह्यापर्यंत हायवेला जेवढी लॉनं आहेत, तिथं नवरी आत येताना तेच वाजतं. 'आगरी धवला, ब्राईड एन्ट्री' असं नाव आहे त्याचं. लोक येतात सुपारी घेऊन, तिला प्रत्यक्ष बोलवायला, आणि ती घसा बसलाय म्हणते. मी कारण सांगितलं तर अर्ध्या तालुक्याच्या लग्नांत काय वाजलं ते सांगावं लागेल. म्हणून मी पण घसा बसलाय म्हणते.

या तुळशीच्या लग्नानंतरची गोष्ट. तिला रोह्याला डोळ्याच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. परत येताना खांबच्या पुढं ट्रॅफिकमध्ये आमची इको गाडी अडकली, नेमकी एका लॉनसमोर. कमानीवर दिव्यांच्या माळा लागल्या होत्या, आणि आतून ते सुरू झालं. सांजचा दिवा दारी. मी घाईघाईनं काच वर करायला लागले.

"राहू दे," ती म्हणाली.

तिनं सगळं ऐकलं, धनी माजा, धनी माजा, ढोल, टाळ्या, शिट्ट्या. मग पदर डोक्यावर घेतला, मयत रस्त्यावरून जाताना बायका घेतात तसा, आणि लॉनकडे बघून हात जोडले.

"आज परत गेला गो तुजा सासरा," ती मला म्हणाली. "या महिन्यान तिसऱ्यांदा."

पुढची गाडी हलली. निलेशनं गिअर टाकला.